टर्बोच्या आधी इंजिनाचा दम बघा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं इंजिन दुरुस्तीचं छोटंसं वर्कशॉप आहे. चाळीस वर्षं होऊन गेली, रोज कुणाच्या ना कुणाच्या इंजिनाचं हेड उघडून बसलेला असतो. मी काही मोठा इंजिनिअर नाही. जे शिकलो ते वस्तादांच्या हाताखाली, आणि त्याहून जास्त स्वतःच्या चुकांतून. आज ज्या विषयावर बोलणार आहे, त्यातही माझी एक चूक आहे. ती मी सांगणार आहे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात एक पंचविशीतला मुलगा गाडी घेऊन आला. मारुती एस्टीम, १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन, मीटरवर १ लाख ८४ हजार किलोमीटर. मागच्या सीटवरून त्याने एक खोका काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. आत टर्बो होता, जुन्या बाजारातून घेतलेला. म्हणाला, "काका, एवढं बसवून द्या की. दोन दिवसांत होईल का?"

मी म्हटलं, "बस जरा. चहा घे. गाडी कुणाची?"

"वडिलांची. ते तीन वर्षांपूर्वी गेले."

मग मी त्याला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो. कारण हा प्रश्न घेऊन येणारा तो एकटा नाही. जुनी, भरपूर पळालेली गाडी असते, तिच्यावर जीव असतो, नवी घ्यायची ऐपत नसते, आणि कुठेतरी पाहिलेलं असतं की टर्बो बसवला की गाडी उडते.

आधी टर्बो म्हणजे काय ते पाहू. लोहाराचा भाता सगळ्यांना माहीत आहे. कोळसा तेवढाच असतो, पण भात्याने जास्त हवा मारली की आग भडकते. इंजिनातही तसंच आहे. पेट्रोल हवं तेवढं ओतता येतं, पण ते जाळायला हवा लागते, आणि साधं इंजिन फक्त पिस्टन खाली जाताना जेवढी ओढता येईल तेवढीच हवा घेतं. टर्बो ही हवा दाबून आत भरतो. गंमत अशी की हा भाता ओढायला वेगळा माणूस लागत नाही. सायलेन्सरवाटे फुकट जाणारा गरम धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चक्र हवा दाबतं. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. पेट्रोलमधल्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा धुराबरोबर बाहेर जातो. त्यातला थोडा परत कामाला लावायचा, एवढीच ही युक्ती.

पण हे चक्र फिरतं किती? मिनिटाला एक लाख फेऱ्या, आणि त्याहूनही जास्त. पेट्रोल गाडीत त्याच्यावर येणारा धूर जोर लावताना आठशे-नऊशे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. या दांड्याला बहुतेक टर्बोंमध्ये बॉलबेअरिंग नसतं, तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ते ऑइल कुठून येतं? तुमच्याच इंजिनातून. म्हणजे इंजिनाचं ऑइल घाण असेल, पंप थकलेला असेल, तर टर्बो काही दिवसांचा सोबती.

आता हिशेब पाहा. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण एक बार असतो. टर्बोने त्यावर अर्धा बार दाब दिला, तर दीडपट हवा आत गेली असं कागदावर वाटतं. प्रत्यक्षात हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना खालचं टोक गरम होतं, तसंच. तीस अंशांची हवा अर्ध्या बारला ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत जाते, आणि गरम हवा विरळ असते. म्हणून मध्ये इंटरकूलर, म्हणजे हवेचा रेडिएटर बसवतात. ते सगळं धरूनही इंजिनावरचा भार तीस-चाळीस टक्क्यांनी वाढतो. पिस्टन तोच, रिंगा त्याच, बेअरिंग तेच, हेड गॅसकेट तेच. ओझं मात्र तीस-चाळीस टक्के जास्त. साठी ओलांडलेल्या माणसाच्या डोक्यावर पोतं देण्याआधी त्याची छाती तपासावी की नाही?

आता माझी चूक. साल २००४. माझा लहानपणापासूनचा मित्र, त्याची दीड लाखाच्या वर पळालेली पेट्रोल गाडी. आम्ही दोघांनी उत्साहाने टर्बो आणला, मॅनिफोल्ड वेल्डिंग करून बनवला आणि आठवड्यात बसवला. कॉम्प्रेशन तपासलं नाही. गाडी चालू होती, धूर दिसत नव्हता, मग तपासायचं काय, असा माझा ताठा. गावाबाहेरच्या रस्त्यावर गाडी अशी पळाली की मित्राने मला मिठी मारली. पंधरा दिवसांनी तो बायको-मुलांना घेऊन रत्नागिरीला निघाला. आंबा घाटात चढावर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येऊ लागला. त्याला वाटलं काहीतरी सैल झालं असेल, तो तसाच दाबत गेला. थोड्या वेळात ताकद गेली, बॉनेटमधून धूर आला. तिसऱ्या पिस्टनची रिंग बसते ती कड तुटली होती, जळका वायू खाली चेंबरमध्ये उतरत होता आणि त्या दाबाने ऑइल ब्रीदरमधून उडून तापलेल्या मॅनिफोल्डवर पडत होतं. पेट घेतला नाही हे त्यांचं नशीब. पावसात, अंधारात, दोन लहान मुलांसह ते रस्त्याच्या कडेला तीन तास उभे होते. मित्र मला एक शब्द बोलला नाही. नंतर दोन वर्षं बोललाच नाही. इंजिन मी माझ्या खर्चाने करून दिलं, पण ती दोन वर्षं काही मला भरून मिळाली नाहीत.

म्हणून हल्ली कुणी टर्बोचा खोका घेऊन आलं की तो मी फळीवर ठेवतो आणि आधी गेज काढतो.

पहिली तपासणी कॉम्प्रेशनची. इंजिन गरम करायचं, चारही प्लग काढायचे, पेट्रोल आणि स्पार्क बंद करायचा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि प्लगच्या भोकात गेज लावून स्टार्टर पाच-सहा फेऱ्या मारायचा. बॅटरी चांगली चार्ज हवी, नाहीतर आकडा खोटा येतो. चांगल्या पेट्रोल इंजिनात सव्वाशे नव्हे, पावणेदोनशेच्या आसपास पौंड दाब मिळायला हवा. आकड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे चारही सिलिंडर सारखे हवेत, दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. त्या एस्टीमचे आकडे आले १७०, १६५, १२०, १७०. तिसरा लंगडा.

मग त्या भोकात चमचाभर ऑइल सोडायचं आणि पुन्हा मोजायचं. ऑइलने रिंगांची फट तात्पुरती बुजते. आकडा एकदम चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेत. चढला नाही तर दोष वर, व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅसकेटमध्ये. आमचा १२० चा १२५ झाला. म्हणजे व्हॉल्व्ह.

खात्रीसाठी तिसरी तपासणी. पिस्टन अगदी वर आणून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि किती टक्के गळते ते पाहायचं. यात गेजपेक्षा कान मोठा. सायलेन्सरमधून सूं आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतो. एअर फिल्टरच्या बाजूने आला तर इनटेक व्हॉल्व्ह. ऑइल भरायच्या झाकणातून आला तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅसकेट. दहा टक्क्यांच्या आत गळती असेल तर इंजिन ठणठणीत, वीसच्या वर गेली तर काम काढावं लागेल. मी त्या मुलालाच कान लावायला सांगितला. सायलेन्सरपाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "काका, इथून हवा येतेय." मग ऑइलच्या झाकणाला कान लावला, तिथेही थोडी कुजबुज होतीच. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, आता याला गाडी कळायला लागली.

चौथी तपासणी ऑइलच्या दाबाची. डॅशबोर्डवरचा लाल दिवा फक्त पार बुडाल्यावर पेटतो, त्याच्यावर भिस्त ठेवू नये. दिव्याचा सेन्सर काढून तिथे खरा गेज लावायचा, आणि इंजिन पूर्ण तापल्यावर पाहायचं. जुना ठोकताळा असा की दर हजार फेऱ्यांना दहा पौंड दाब हवा. थंड असताना सगळी इंजिनं शूर असतात. गरम झाल्यावर दाब पडला तर क्रँकचं बेअरिंग झिजलंय किंवा पंप थकलाय, आणि अशा इंजिनाने टर्बोला ऑइल पाजायचं म्हणजे स्वतः उपाशी राहून पाहुण्याला वाढण्यासारखं आहे.

पाचवी तपासणी कुठल्याच गेजने होत नाही. मी त्याला विचारलं, "ऑइल कधी बदललंय?" त्याने ग्लव्ह बॉक्समधून एक वही काढली. निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात, वडिलांनी लिहिलेली. तारीख, किलोमीटर, ऑइल बदलले, फिल्टर बदलला, बेल्ट बदलला. शिक्षक होते ते. दर पाच हजार किलोमीटरला नोंद. १ लाख ४२ हजारांपर्यंत एकही चुकलेली नव्हती. त्यानंतर पानं कोरी. "ते आजारी पडले," मुलगा म्हणाला, "मग मी चालवायला लागलो. ऑइल दोनदा बदललं असेल. वरून भरत होतो."

चेंबर खाली घेतला तेव्हा वहीतलं सगळं खरं निघालं. तळाशी काळा, श्रीखंडासारखा गाळ, आणि ऑइल ओढणाऱ्या जाळीचा तिसरा हिस्सा बुजलेला. टर्बो दोन दिवसांत बसला असता. टिकला किती दिवस असता, हे त्या जाळीने सांगितलं. मुलगा जाळीकडे बराच वेळ पाहत राहिला. म्हणाला, "हे माझ्यामुळे." मी म्हटलं, "बाळा, गाळ धुता येतो."

इंजिन उतरवलं. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला जळलेला होता. बोअर मोजले, झीज मर्यादेबाहेर गेली होती. मग बोअरिंग, होनिंग, पुढच्या मापाचे पिस्टन, नव्या रिंगा, व्हॉल्व्ह आणि सीटचं काम, गाइडचे सील, क्रँकचे बेअरिंग, ऑइल पंप, पाण्याचा पंप, टायमिंग बेल्ट, हेड प्लेन करून नवं गॅसकेट. रेडिएटर साफ केला, सगळे रबरी होज बदलले. होजचं एवढ्यासाठी सांगतो की आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि नव्वदच्या दशकातल्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. पेट्रोल गळणारा होज आणि लालभडक तापणारा टर्बो, ही शेजारची माणसं नव्हेत.

एवढं झाल्यावर मी त्याला अट घातली. पहिले हजार किलोमीटर टर्बोशिवाय चालवायचे. नव्या रिंगा बोअरला बसायला वेळ लागतो, आणि कामात काही राहिलं असेल तर ते साध्या भारातच कळलेलं बरं. तो कुरकुरत गेला. महिन्याभराने आला. पुन्हा कॉम्प्रेशन घेतलं, चारही आकडे सारखे आणि १८० च्या वर. मी विचारलं, "कशी वाटते?" म्हणाला, "काका, गगनबावड्याला जाऊन आलो. ही गाडी एवढी पळते हे मला माहीतच नव्हतं."

ज्यांच्या डोक्यात टर्बो आहे त्यांना मी हेच सांगतो. या इंजिनाची ताकद नवीन असताना ८५ अश्वशक्ती होती. झिजता झिजता त्यातली बरीच ती हरवून बसते, आणि इतकी हळूहळू हरवते की चालवणाऱ्याला कळत नाही. मग तो बाहेरून ताकद विकत आणायला निघतो. पुष्कळदा त्याला हवी असते ती ताकद त्याच्याच गाडीत दडलेली असते.

त्याच दिवशी मी त्याला दुसरी गोष्ट सांगितली, जी खरं तर पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने नोंदवलेल्या मूळ तपशिलात बसणार नाही असा बदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि असा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद आली. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा बॉनेट उघडून पाहते, हेही लक्षात असू द्या. घरच्या, रोजच्या गाडीला मी टर्बो बसवत नाही. बंद मैदानातल्या स्पर्धेसाठी, ऑटोक्रॉससाठी गाडी असेल, ती तिथे ट्रकवर घालून नेणार असाल, तर गोष्ट वेगळी.

दोन दिवसांनी तो परत आला. "आई म्हणाली, बाबांची गाडी आहे तशी राहू दे." मग त्याने आणि दोन मित्रांनी मिळून तसलीच एक जुनी, कागदपत्रं बाद झालेली गाडी फक्त स्पर्धेसाठी घेतली. १ लाख ६० हजार पळालेली. फळीवरचा खोका शेवटी त्या गाडीसाठी खाली आला.

त्या इंजिनाला वरचं सगळं केलंच, शिवाय टर्बोसाठी म्हणून काही जास्तीची कामं केली. ती थोडक्यात सांगतो.

पहिलं, टर्बोच तपासला. जुना टर्बो घेताना दांडा हाताने हलवून पाहा. बाजूला किंचित हलला तर चालतो, आत-बाहेर हलता कामा नये. पात्यांच्या कडा मोडलेल्या नकोत.

दुसरं, रिंगांच्या तोंडाची फट. जास्त उष्णतेत रिंग फुगते. तिची दोन टोकं एकमेकांना भिडली तर पिस्टनची कड मोडते. माझ्या मित्राच्या गाडीत मोडली ती तशीही मोडली असेल. ७४ मिलीमीटरच्या बोअरला टर्बोसाठी वरच्या रिंगेची फट आम्ही ०.४ मिलीमीटरच्या आसपास ठेवली, फीलर गेज लावून, एकेक रिंग घासून. कनेक्टिंग रॉड मूळचेच ठेवले, पण त्यांना भेगा नाहीत ना, याची चुंबकीय चाचणी करून घेतली.

तिसरं, कॉम्प्रेशनचं गुणोत्तर. टर्बोने आधीच दाबलेली हवा पिस्टन आणखी दाबतो. फार दाब आणि फार उष्णता झाली की ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप फुटतं. घाटात ऐकू आलेला खड्यांचा आवाज तो हाच, आम्ही त्याला नॉकिंग म्हणतो. त्यासाठी खोलगट डोक्याचे पिस्टन घालून गुणोत्तर साडेआठपर्यंत खाली आणलं. अमेरिकेत १९६२ मध्ये ओल्ड्समोबिल जेटफायर नावाची गाडी आली, जगातल्या पहिल्या टर्बोवाल्या मोटारींपैकी एक. तिचं गुणोत्तर होतं १०.२५, म्हणजे टर्बोच्या मानाने फारच जास्त. नॉकिंग टाळायला कंपनीने डिस्टिल्ड वॉटर आणि मिथाइल अल्कोहोलची वेगळी टाकी दिली, तिच्यातून इंजिनात फवारा जायचा. लोक ती टाकी भरायला विसरायचे आणि गाडीची ताकद जायची. पुढे कंपनीने स्वतःच टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून द्यायची तयारी दाखवली. मोठमोठ्या इंजिनिअरांची युक्ती मालकाच्या विसराळूपणापुढे हरली. म्हणून मी अशी रचना पसंत करतो, जी मालक विसरला तरी चालेल.

चौथं, पेट्रोल. गाडीच्या मूळ ईसीयूला वातावरणाच्या दाबाच्या वरचं जगच ठाऊक नसतं. टर्बो जास्त हवा भरतो, ईसीयू जुन्या हिशेबाने पेट्रोल देतो, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन वितळतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला तर आणखी जास्त इंधन द्यावं लागतं. म्हणून मोठे इंजेक्टर, दाब मोजणारा सेन्सर आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा मीटर लावून, जाणकाराकडून ईसीयूची जुळणी करून घेतली. यात हात आखडला तर वरचं सगळं वाया.

पाचवं, इंजिनाच्या श्वासाची वाट. रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा वायू खाली चेंबरमध्ये उतरतोच. साध्या गाडीत तो परत इनटेकमध्ये ओढला जातो. टर्बोच्या गाडीत इनटेकमध्येच दाब असतो, तो उलटा चेंबरमध्ये शिरू नये म्हणून एकदिशा व्हॉल्व्ह लागतो. टर्बोतून ऑइल परत येणारी नळीही जाड, सरळ उतरती आणि चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर सोडलेली हवी. झिजलेल्या इंजिनात चेंबरमध्ये दाब साठतो, ऑइल टर्बोतून खाली उतरत नाही, सीलमधून गळून निळा धूर येतो. लोक म्हणतात टर्बो गेला. नवा टर्बो आणतात, तोही धूर मारतो. रोग रिंगांचा आणि ऑपरेशन टर्बोचं.

आणि शेवटचं, दाब. मुलांना एक बार हवा होता. मी ०.४ वर कुलूप घातलं. क्लच आणि ब्रेक आधी नवे केले. पळायची सोय करण्याआधी थांबायची करावी.

या सगळ्याचा खर्च टर्बोच्या खोक्याच्या कितीतरी पट झाला, आणि दोन दिवसांच्या जागी पाच महिने लागले. गाडी गेल्या हिवाळ्यात दोन स्पर्धा पळाली. जिंकली नाही. पण दोन्ही वेळा शर्यत पुरी करून ट्रकवर स्वतःच्या ताकदीने चढली, आणि माझ्या लेखी ते मोठं आहे.

तुम्ही विचाराल, हल्ली एक लिटरच्या छोट्या गाड्यांतसुद्धा कंपनीचा टर्बो असतो, तो कसा लाखभर किलोमीटर टिकतो? तो टिकतो, कारण त्या इंजिनाचा क्रँक, पिस्टन, ऑइलचा मार्ग, पाण्याचा मार्ग, सगळं पहिल्या रेघेपासून त्या भारासाठी आखलेलं असतं. तुमच्याकडे तशी गाडी असेल तर ती उघडायच्या भानगडीत पडू नका. फक्त सांगितलेलंच ऑइल, सांगितलेल्या वेळी घाला. घाट चढून किंवा जोरात पळवून आल्यावर लगेच किल्ली फिरवू नका, मिनिटभर इंजिन चालू ठेवा. ऑइल फिरत राहिलं की टर्बो थंड होतो. एकदम बंद केलं तर आत अडकलेलं ऑइल जळून त्याचा कोळसा होतो, आणि पुढच्या वेळी दांडा त्या कोळशावर फिरतो.

परवा तो मुलगा आईला घेऊन जोतिबाला निघाला होता, वाटेत वर्कशॉपपाशी थांबला. ऑइल बदलायला झालं होतं. काम झाल्यावर त्याने ग्लव्ह बॉक्समधून ती वही काढली आणि माझ्याकडे पेन मागितलं. वडिलांच्या अक्षराखाली, कोरी पानं तशीच सोडून, त्याने तारीख आणि किलोमीटर लिहिले. मी म्हटलं, मधली पानं कोरी का ठेवलीस? म्हणाला, "राहू देत काका. तेवढं ऑइल बदललं नव्हतं, हे दिसायला पाहिजे."

माझा मित्रही आता वर्कशॉपवर येतो. गाडी आणली की आधी म्हणतो, गेज लाव. मी लावतो.